लाइन आली का?

दुपारचे चार वाजले होते आणि चक्कीचा पट्टा थांबलेला होता. मे महिन्यात नागपुरात चार म्हणजे भर दुपारच. रस्त्यावरचं डांबर चपलेला धरून ठेवत होतं, समोरच्या पानठेल्यावर ओलं फडकं टाकून ठेवलं होतं आणि ते बघता बघता वाळत होतं. चक्कीच्या आत गरम पिठाचा वास कोंडला होता. फळीवर डबे, पिशव्या, एक पितळी पिंप, सगळे आपापल्या जागी. माझ्यापुढच्या काकूंनी पदरानं मान पुसली आणि विचारलं, "कधी येईन जी लाइन?" चक्कीवाले भाऊ भुवयांवरचं पीठ झटकत म्हणाले, "आत्ताच तं गेली नं काकू. लाइन आली का लाइनीनंच दळून देतो. तुमचा डबा तिसरा." काकूंचं समाधान झालं, माझंही झालं. सोबत आलेल्या माझ्या भाच्याचं झालं नाही. तो मुंबईत वाढलेला. त्याच्याकडे लाइट जाते, वीज जाते, पण लाइन जात नाही. त्यानं हळूच माझा हात ओढला आणि विचारलं, "मावशी, लाइन आली की लाइनीनं म्हणजे? कोणती लाइन आली की कोणत्या लाइनीनं?"

मी त्याला सांगितलं की पहिली म्हणजे वीज आणि दुसरी म्हणजे रांग. तो म्हणाला, "पण लाइन म्हणजे पट्टीनं काढतात ती ना?" तेवढ्यात पट्टा फिरायला लागला, आवाजात सगळंच बुडालं आणि विषय तिथंच राहिला. त्याच्यापुरता. माझ्या डोक्यातून तो जाईना. एका वाक्यात एकच शब्द दोनदा आला, दोन निरनिराळ्या अर्थांनी, आणि तिथं उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांना क्षणभरही अडखळायला झालं नाही. हे आम्ही कधी शिकलो? कोणी शिकवलं?

माझ्यापुरतं उत्तर घरातच आहे. बाबा लाइनमन होते.

उत्तर नागपुरात आमचं घर. गच्चीवर चढलं की लांब कोराडीच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसत, आभाळ स्वच्छ असलं की पलीकडे खापरखेड्याच्याही. एवढी वीज डोळ्यांसमोर तयार व्हायची आणि भारनियमनाच्या दिवसांत आम्ही त्याच गच्चीवर अंधारात बसून त्या चिमण्यांवरचे लाल दिवे बघायचो. मोहल्ल्यातली माणसं आमच्या दारात येऊन विचारायची, "भाऊ, लाइन कधी येईन?" जणू ती आमच्या घरात कोंडून ठेवली होती. बाबा कधी चिडले नाहीत. "फीडरवरून गेली आहे, येते अर्ध्या तासात," असं सांगायचे आणि अर्धा तास झाला की स्वतःच घड्याळाकडे बघायला लागायचे. आम्हाला फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघणारी मुख्य तार, काय असते, जंपर तुटणं म्हणजे काय, डीपीवरचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या खांबावरचा, डीओ फ्यूज उडाला तर किती घरं अंधारात जातात, हे पाढ्यांच्या आधी कळत होतं.

पण बाबांची लाइन आणि मोहल्ल्याची लाइन एक नव्हती, हे मला बरंच उशिरा लक्षात आलं. मोहल्ल्याला लाइन म्हणजे पंखा, कूलर, दिवा, टीव्हीवरची बातमी. बाबांना लाइन म्हणजे ती तार. ती गेली म्हणजे नेमकं काय झालं, हा त्यांच्यासाठी जिवाचा प्रश्न असायचा. खांबावर चढण्याआधी उपकेंद्रातून परमिट घ्यायचं, म्हणजे अमुक फीडर बंद केला आहे असं तिथल्या माणसाकडून नंबरासह वदवून घ्यायचं. मग दांड्यानं तिन्ही तारा जमिनीशी जोडून घ्यायच्या, त्याला अर्थिंग म्हणायचे. इतकं झालं की मगच पट्टा कमरेला. काम उरकल्यावर अर्थिंग काढायचं, आपली सगळी माणसं खाली उतरली का ते मोजायचं आणि परमिट परत करायचं. कोणाच्या तरी दुकानातला जनरेटर नीट न जोडलेला असला तर बंद केलेल्या तारेत उलटी वीज येऊ शकते, आणि वरच्या माणसाला ती दिसत नाही, ऐकू येत नाही. "लाइन बंद आहे असं कोणी सांगितलं म्हणून ती बंद होत नाही," हे वाक्य बाबांनी नव्या पोरांना इतक्या वेळा ऐकवलं की ते आमच्या घरातल्या म्हणींमध्ये जमा झालं. आई ते दुधाच्या पातेल्यापासून नातेवाइकांच्या आश्वासनांपर्यंत कुठंही वापरायची.

संक्रांतीच्या आठवड्यात काम दुप्पट. नागपूरची संक्रांत म्हणजे गच्च्या, "ओ काट!"चा गदारोळ आणि तारांवर लटकलेल्या मांज्यांची जाळी. आणि जूनच्या तोंडावर वावधान, म्हणजे वादळ सुटलं की बाबा रात्री-बेरात्री सायकल काढून निघालेच. निंबाच्या फांद्या तारांवर पडलेल्या, सगळा भाग काळोखात. आमच्याकडे लाइन आली की आई सुटकेचा श्वास टाकायची नाही. ती म्हणायची, इथली आली म्हणजे आता ते पुढच्या डीपीवर गेले असतील. शेजारच्या घरांतून "आऽऽली!" असा पोरांचा आरडाओरडा व्हायचा आणि आमच्याकडे आई दाराशीच. मला अजूनही वीज परत आल्याचा आनंद पूर्ण होत नाही. दिवा लागतो, पंखा गरगरतो, आणि त्याच वेळी कुठल्या तरी खांबावरून कोणीतरी अजून उतरायचं आहे असं वाटत राहतं.

दुसरी लाइन आईची. कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या दुकानाची.

रॉकेल यायच्या दिवशी पहाटेपासून दुकानापुढं डबे लागायचे. माणसं नाही, डबे. निळे, पांढरे, एखादा गंजलेला पत्र्याचा, आणि ज्याच्याकडे जास्तीचा डबा नाही त्याची वीट किंवा फुटकी चप्पल. त्या विटेला पूर्ण माणसाइतका मान होता. कोणी ती सरकवली तर भांडण पेटायचं, आणि भांडणात सगळ्या बायका विटेच्या बाजूनं असायच्या. घरी जाऊन पोळ्या लाटून यायच्या असल्या तर पुढच्या-मागच्या दोघींना सांगून जायचं, "माझा नंबर आहे जी इथं." एवढं पुरायचं. मला तिथं उभं राहायला पाठवायचे तेव्हा कंटाळा यायचा, ऊन लागायचं, रॉकेलच्या वासानं डोकं दुखायचं, आणि तरीही त्या लाइनीत एक गोष्ट मला फार आवडायची. तिथं वकिलाची बायको आणि धुणंभांडी करणारी बाई एकामागे एक असायच्या आणि कोणाला आधी मिळेल हे कोण आधी आलं यावरच ठरायचं. कधीकधी कोणीतरी वशिल्यानं मागच्या दारातून कॅन भरून न्यायचं. ते दिसलं की जो संताप उसळायचा तो रॉकेलसाठी नसायचा.

मराठीला रांगेसाठी शब्दांची वाण नव्हती. ओळ होती, रांग होती, हार होती, संस्कृतातून आलेली पंक्ती होती. पंक्तीचीच पंगत झाली. पण पंगतीत कोण कुठं बसेल आणि कोण बसूच शकणार नाही, हे आधीच ठरलेलं असायचं. पंक्तिभेद हा शब्दच आपल्याकडे तयार करावा लागला, आणि तो अपवादासाठी नव्हता, रोजच्या व्यवहारासाठी होता. ओळीनं बसणं म्हणजे आपापल्या पायरीनं बसणं. लाइन या शब्दाला ती आठवण नाही. तो रेल्वेच्या तिकीटखिडकीतून, टपालकचेरीतून, कंट्रोलच्या दुकानातून आला, आणि येताना "जो आधी आला तो आधी" हा एकच नियम घेऊन आला. नियम रोज मोडला जातो हे मला माहीत आहे. पण मोडला गेल्यावर "ए, लाइनीत या!" असं कोणीही कोणालाही ओरडून सांगू शकतं. पंगतीत असं ओरडायची सोय नव्हती.

दीक्षाभूमीवर हे फार स्पष्ट दिसतं. दसऱ्याच्या सुमारास आमच्या मोहल्ल्यातून बायकांचे जथे निघतात, पांढऱ्या साड्या, डोक्यावर पिशव्या, कडेवर पोरं. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी इथं धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंना दिली, आणि तेव्हापासून दरवर्षी माणसं येतातच आहेत. स्तूपाच्या आत अस्थिकलशाच्या दर्शनाची लाइन रस्त्यापर्यंत येते. मी त्या लाइनीत एकदा शेजारच्या आजींसोबत उभी होते. आजी मूळच्या भंडाऱ्याकडच्या. गावात लग्नाच्या जेवणावळीत त्यांच्या माणसांची पानं उकिरड्याच्या बाजूला मांडली जायची, हे त्यांनी मला तिथंच, पुढं सरकत सरकत सांगितलं. पाय दुखत होते त्यांचे, मी म्हटलं बाजूला ओट्यावर बसा, मी नंबर धरते. त्या म्हणाल्या, "नाही माय, ह्या लाइनीत मी उभीच राहीन." पुढं त्या काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

शहराच्या नकाशावर मात्र हा शब्द अगदी वेगळ्या कामासाठी उतरला. 1817 मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर इंग्रजांकडून भोसल्यांचा पराभव झाला, 1821 मध्ये कामठीला छावणी वसली, 1854 मध्ये राज्यच खालसा झालं. फौजेचे तंबू आणि बराकी रांगांनी लागतात, म्हणून छावणीच्या भाषेत शिपायांच्या वस्तीला लाइन्स म्हणत. फौजेतल्यांच्या त्या लाइन्स, तर मुलकी साहेबांच्या बंगल्यांच्या त्या सिव्हिल लाइन्स. रुंद रस्ते, मोठाली आवारं, चिंचेची-निंबाची जुनी झाडं. महाल, इतवारी, जुनं सगळं शहर पूर्वेला, साहेबांची वस्ती पश्चिमेला, आणि 1867 मध्ये मुंबईकडून रेल्वे आली तिचे रूळ मधोमध. म्हणजे एक लाइन दुसऱ्या लाइन्सना शहरापासून वेगळं काढत होती. आज तिथं विधान भवन आहे, उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे, आकाशवाणी आहे, जुनं क्रिकेटचं मैदान आहे. लहानपणी बाबांच्या सायकलवर पुढच्या दांडीवर बसून तिकडून जाताना एकदम गार लागायचं. उन्हाळ्यात तर रूळ ओलांडले की हवा बदलते असं मला खरंच वाटायचं. पुढं कळलं की ती झाडांची सावली होती, आणि सावलीसाठी लागणारी जागा कोणाच्या वाट्याला आली होती तेही कळलं. मला सिव्हिल लाइन्स आवडतात. तिथली संध्याकाळ मला या शहरातली सर्वांत सुंदर वाटते. आणि तरीही तिथं चालताना मी पाहुण्यांकडे आल्यासारखी चालते, अजूनही.

आमच्या बाजूला होती ती पोलीस लाइन, टाकळीची. तिथं झाडं होती, पण सावली सगळ्यांना मिळून एक. लाइनीतली पोरं म्हटलं की आमच्या शाळेत एक वेगळा दरारा असायचा. कबड्डीत त्यांना कोणी हरवायचं नाही. बदल्या झाल्या की ती वर्गातून अचानक नाहीशी व्हायची, बाक तसाच रिकामा राहायचा.

रेल्वेच्या लाइनीचं मला वेड होतं, आणि त्यातही छोट्या लाइनीचं. नागपुरात छोटी लाइन आणि बडी लाइन म्हणतात, मराठी घरांतसुद्धा. इतवारीहून नागभीडकडे जाणारी छोटी गाडी, रुळांमधलं अंतर अडीच फूट, खिडकीतून हात काढला तर शेतातलं पीक हाताला लागेल असं वाटायचं. आजोळी जाताना आम्ही तिनंच जायचो. हिवाळ्यात उमरेडच्या पुढं गहू-हरभऱ्याच्या कडेनं जवसाचे पट्टे दिसायचे, निळेनिळे. जवसाचं फूल सकाळचं. दुपारपर्यंत पाकळ्या गळून जातात, म्हणून सकाळच्या गाडीनं गेलं तरच तो निळा रंग भेटायचा, परतीच्या गाडीत तेच शेत साधं हिरवं. ती गाडी 2019 मध्ये बंद झाली, रूळ रुंद करायचे म्हणून. मोठी लाइन हवीच होती, तिकडच्या माणसांना नागपूर जवळ यायला हवं होतं. तरी त्या निळ्या पट्ट्यांसाठी जीव हळहळतो.

आणि इथंच, चक्कीवरच्या त्या दुपारनंतर, मला एक गोष्ट सापडली जिच्यामुळं मी रात्री उशिरापर्यंत जागी राहिले. लाइन हा शब्द जवसातून आला आहे.

लॅटिनमध्ये जवसाला लिनुम म्हणतात. जवसाच्या देठाच्या धाग्याला, त्या धाग्याच्या दोरीला लिनेआ. गवंडी आणि सुतार असा धागा ताणून सरळपणा बघत, त्यामुळं ताणलेला धागा म्हणजे सरळ रेघ. तिथून तो शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत गेला आणि मग त्याला अर्थांचे फाटे फुटतच राहिले. रेघ, सुरकुती, कवितेतली ओळ, नटाचं वाक्य, मासे धरायची दोरी, कपडे वाळत घालायची दोरी, वंश, सैन्याची फळी, आगगाडीचा मार्ग, टेलिफोनची तार. त्याच जवसाच्या धाग्याचं कापड ते लिनन. कोटाला आतून लिनन लावायचे म्हणून अस्तराला लायनिंग. शिंपीणताई ब्लाउज शिवायला घेताना "लायनिंग टाकू का?" विचारते तेव्हा तीही तोच जवसाचा धागा उच्चारत असते. पूर्वी दवाखान्यांच्या जमिनीवर असायचं ते लिनोलियम जवसाच्या तेलाचं. आणि डेडलाइन या शब्दाची हकीकत तर अंगावर काटा आणणारी आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, 1864 च्या सुमारास, कैद्यांच्या तळावर कुंपणाच्या आत एक हद्द आखलेली असायची. ती ओलांडली की पहारेकरी गोळी घालत. तीच डेडलाइन. आज शाळेचा प्रकल्प द्यायच्या तारखेला आपण तो शब्द वापरतो.

आपल्याकडे जवस धाग्यासाठी सहसा कोणी पेरत नाही. युरोपातलं धाग्याचं जवस उंच, फांद्या कमी. आपलं बुटकं, फांद्यांचं, बोंडांनी भरलेलं. आपण ते दाण्यासाठी लावतो, तेलासाठी, चटणीसाठी. भंडारा-गोंदियाकडे तर उभ्या धानात ओल असतानाच बी फेकून देतात, त्याला उतेरा म्हणतात. धान कापलं की खालून जवस वर येतं. आजी जवस लोखंडी तव्यावर भाजायची, तडतड सुरू झाली की पदर तोंडाला धरून मागं सरकायची. मग लसूण, लाल तिखट, मीठ, आणि खलबत्ता. गरम भाकरीवर ती काळसर चटणी आणि वरून कच्चं तेल. एवढ्यावर मी कितीही दिवस राहीन. आणि इंग्रजांच्या काळात याच मध्य प्रांतातून जवस पोत्यांनी रेल्वेत चढत होतं, मुंबईहून जहाजांनी युरोपला जात होतं, तिथं त्याचं तेल निघत होतं, रंगात, वॉर्निशात मिसळत होतं. म्हणजे ज्या झाडाच्या धाग्यानं त्या शब्दाला जन्म दिला त्याच झाडाचे दाणे इथल्या लाइनीवरून तिकडे जात होते आणि तिकडून तो शब्द इकडे येत होता. कोणाला माहीत नव्हतं हे. पोती उचलणाऱ्या हमालाला नाही, खिडकीतल्या बाबूला नाही. मला मात्र आता चटणी कुटताना आठवतं.

इंग्रजीनं त्या शब्दाला जे अर्थ दिले त्यांच्याकडे आणि आम्ही दिलेल्या अर्थांकडे बघताना मला एक फरक जाणवत गेला. इंग्रजीतली लाइन माणूस काढतो, ओढतो, आखतो, ओलांडतो. तिच्याबाबतीत करणारा माणूस असतो. आमची लाइन स्वतः येते, जाते, लागते, मिळते, तुटते, आणि माणूस तिची वाट बघतो. वीज जाते, आम्ही गच्चीवर. रॉकेल येतं, आम्ही विटेमागे. रेल्वेचं फाटक पडतं, दोन्ही बाजूंना स्कूटरी, आणि लाइन क्लिअर होईपर्यंत उन्हात डोक्यावर ओढणी. फोनच्या काळात तर किती! एसटीडीच्या काचेच्या खोलीत घामाघूम होऊन ताईच्या सासरचा नंबर फिरवायचा, "लाइन लागत नाही" म्हणून बाहेर यायचं, परत आत जायचं. लागली तर मध्येच तिसरंच कोणीतरी बोलायला लागायचं, क्रॉस लाइन. आई फोनवर नेहमी ओरडून बोलायची, लाइन लांबची आहे म्हणून. चक्कीवरच्या काकूंचा प्रश्न मला आता नुसता विजेबद्दलचा वाटत नाही. "कधी येईन लाइन?" हे वाक्य या भागात किती वेगवेगळ्या गोष्टींसाठी किती वेगवेगळ्या दारांशी विचारलं गेलं असेल. भाच्याच्या पट्टीनं काढलेल्या लाइनीत हे नाही, कारण त्याला अजून कशासाठी फार थांबावं लागलेलं नाही. देव करो आणि न लागो.

तिला आम्ही बाईमाणूस केलं, हेही मला त्यातलंच वाटतं. ती लाइन. ओळ, रांग, रेघ, तार, दोरी, वीज, वाट, सगळ्या ती. इतक्या बहिणींच्या घरात आल्यावर हीही तीच होणार.

एक अर्थ मात्र मला कधी आपला वाटला नाही. कॉलेजच्या दिवसांत बर्डीच्या मेन रोडवर, धरमपेठेत, फुटाळ्याच्या काठावर, पोरं उभी असायची. लाइन मारतात म्हणायचे. पोरं त्यात मोकळी होती, त्यांची ती गंमत होती. आमच्यासाठी त्याच्या जोडीचा एक शब्दप्रयोग होता, लाइन देणं. "तिनंच लाइन दिली असेल." बस, एवढ्या वाक्यावर एका मैत्रिणीचं शिक्षण थांबलं. तिनं काय दिलं होतं? एका मुलानं पडलेली वही उचलून दिली, ती हसून थँक्यू म्हणाली. पानठेल्यावर बसणाऱ्या कोणीतरी ते घरी पोचवलं. मारणं आणि देणं, क्रियापदं केवढी साधी, आणि जबाबदारी कशी अलगद एका बाजूनं दुसऱ्या बाजूला गेली. हा अर्थ मेला तर मला आनंद होईल. नव्या पोरींच्या तोंडी तो कमी ऐकू येतो, ही चांगली खूण आहे.

आता शहरात मेट्रो आली. 2019 मध्ये पहिला टप्पा सुरू झाला, 2022 च्या डिसेंबरपर्यंत चारही दिशांना. ऑरेंज लाइन खापरीपासून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत, ॲक्वा लाइन प्रजापती नगरपासून लोकमान्य नगरपर्यंत, दोघी सीताबर्डीला भेटतात. शेजारच्या आजी त्यांना संत्री लाइन आणि पाणी लाइन म्हणतात. पाणी लाइन म्हटलं की मला अजून नळाची पाइपच आठवते. पण आजींना मेट्रोत बसायला आवडतं. इतक्या उंचावरून शहर बघताना त्या खिडकीला नाक लावून बसतात आणि कुठलं घर कोणाचं ते सांगत राहतात.

आणि एक अर्थ आमच्या घरी रोज वापरला जातो. माझा भाऊ बाबांच्या लाइनीत गेला नाही. "पोराला कोणत्या लाइनीत टाकलं?" असं लोक विचारायचे, जशी काही रुळावर गाडी ठेवायची आहे. बाबांना त्याला खांबावर चढवायचं नव्हतं आणि शिक्षणात त्याचा जीव नव्हता. तो नागपूरजवळच्या वाडीच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे लागला, आधी क्लीनर, मग ड्रायव्हर. नागपूर देशाच्या मधोमध असल्यामुळं इथून ट्रक चारही दिशांना जातात, आणि ट्रकवाल्यांच्या बोलीत लांबच्या फेरीवर असणं म्हणजे लाइनवर असणं. कोलकात्याची लाइन, हैदराबादची लाइन. ही लाइन रूळही नाही, तारही नाही. ती रायपूरच्या पुढचा धाबा आहे, चालत्या ट्रकच्या काचेवरचं धुकं आहे, डिझेलचा वास लागलेली गोधडी आहे, आणि इकडे वहिनीचं दिवसातून दोनदा फोन लावून बघणं आहे. बाबा निवृत्त झाल्यापासून रात्री वावधान सुटलं की खिडकीशी जातात, पण आता ते तारांकडे बघत नाहीत, रस्त्याकडे बघतात.

मला मनापासून वाटतं की मराठीच्या शब्दकोशांत लाइनीची ही सगळी घरं यावीत. स्त्रीलिंगी, मराठी शब्द म्हणून यावीत, इंग्रजीतून आलेला पाहुणा म्हणून कोपऱ्यात नव्हे. वीजपुरवठा, असा अर्थ यावा. रांग, असा यावा. पेशा यावा, पोलिसांची वस्ती यावी. आणि लांबची फेरी हा अर्थही यावा, त्याला उदाहरण म्हणून वहिनीचं वाक्य द्यावं, दारात आलेल्या भिशीवाल्या बाईला ती सांगत होती ते: "हे लाइनवर आहेत जी, परवा येतीन. पैसे मी आजच देते."